सहा-दहाची चौसष्ट बाळं

२०६९ साली घोणसवाडीला दर चार मिनिटांनी रेल्वे असणार होती. उन्नत मार्ग, दोन स्थानकं, त्यातल्या एकाला सरकता जिना. हे मी स्वतः टाइप केलं. टाइप करताना मला काही खटकलं नाही, कारण आमच्याकडे खटकण्याचं काम वेगळ्या विभागाकडे असतं. पान उलटल्यावर मात्र आठवलं, की घोणसवाडी माझंच गाव आहे, तिथे सातशे बारा माणसं राहतात, आणि सरकण्यासारखं तिथे आजवर एकच आहे, शाळेमागची दरड.

माझं नाव शीतल मगदूम. आमच्या सांगलीकडच्या जैनांत हे पुरुषाचं नाव आहे. इतरत्र ते नसल्यामुळे पत्रव्यवहारात निम्म्या लोकांनी मला मॅडम केलंय, आणि ते दुरुस्त करणं मी कॉलेजातच सोडलं. मी कृष्णाकाठ प्रादेशिक परिवहन प्राधिकरणात कनिष्ठ नियोजक आहे. तीस वर्षांनी कुठली बस आणि कुठली रेल्वे कुठून कुठे धावावी, याचा आराखडा आम्ही आज करतो. त्यातलं ‘उद्दिष्टे’ हे पहिलं प्रकरण माझ्याकडे असतं. ते कोणी वाचत नाही.

बाकीचं काम जुळं करतं.

जुळं म्हणजे आपल्या प्रदेशाचं संगणकात वाढणारं भावंड. पूर्वी आराखडा करायचा म्हणजे पोरं नाक्यावर बसवून वहीत रेघा ओढायला लावायचे. आता प्रत्येक बसच्या सीटखाली वजन मोजणारी पट्टी असते आणि छताला उष्णता पाहणारं भिंग. चेहरा टिपायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कोण चढलं हे यंत्राला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की सदतीस अंशाच्या आसपासचं, अमुक वजनाचं काहीतरी या थांब्यावर चढलं आणि त्या थांब्यावर उतरलं. तेवढ्यावरून ते आपल्या पोटात एक माणूस तयार करतं. त्याला वय देतं, घर देतं, सवयी देतं. मग काळ पुढे ढकलतं. ती माणसं मोठी होतात, नोकऱ्या धरतात, लग्नं करतात, त्यांची मुलं थांब्यावर येऊन उभी राहतात. बावीस लाख माणसांना तीस वर्षं जगवायला जुळ्याला एक दुपार लागते. २०६९ मध्ये ती जिथे गर्दी करतील, तिथे आपण आज रेघ मारायची.

जुळ्याची देखभाल तौफिक मुजावर करतो. तो मिरजेचा. यंत्राबद्दल तो गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तसा बोलतो.

“तौफिक, घोणसवाडीत असं कोण राहतं?” मी विचारलं.

“तुझी आई.”

“आईसाठी रेल्वे?”

त्याने पडदा उघडला, खाली गेला, आणखी खाली गेला आणि खुर्चीत सरळ बसला. “भावा, तुझ्या गावात बाळं झाल्यात. चौसष्ट.”

“कधी?”

“दरसाल.”

पडद्यावर स्वच्छ नोंद होती. रोज सकाळी सहा-दहाच्या गाडीने घोणसवाडीहून चौसष्ट बाळं सांगलीला जात होती. वजन पावणेदोन ते अडीच किलो. तापमान सदतीस. सोबत प्रौढ व्यक्ती: नाही. एका सीटवर चार-चार बसत असल्यामुळे अख्ख्या प्रदेशातली सर्वांत भीषण गर्दी म्हणून या गाडीला लाल खूण होती. संध्याकाळी ती परतताना दिसत नव्हती. खासगी वाहनाने येत असावीत, असं जुळ्याने चांगल्या मनाने गृहीत धरलं होतं. आणि वर्ष उलटलं तरी बाळांचं वजन वाढत नव्हतं, त्याअर्थी गेल्या वर्षीची मोठी झाली आणि ही नवी, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या हिशेबाने २०६९ पर्यंत घोणसवाडीला रेल्वे कमीच पडणार होती.

प्रत्यक्षात मागच्या वर्षी गावात तीन जन्म झाले. त्यातलं एक माझ्या चुलतबहिणीचं, आणि ते बसचा हॉर्न ऐकला की रडतं.

विशेष म्हणजे याचं आश्चर्य कोणालाच वाटलं नव्हतं. आरोग्य खात्याने गावाला अभिनंदनाचं पत्र धाडलं होतं. गाड्या बनवणाऱ्यांनी पुढच्या मॉडेलमध्ये ‘शिशुकप्पे’ दाखवले होते, खाली तीन, वर तीन. मी मुख्य नियोजक बिरनाळे मॅडमकडे गेलो. मॅडमची सव्वीस वर्षं नोकरी झाली आहे आणि त्या जिना उतरतानाही निर्णय घेतात.

“एकटी जातात?” त्यांनी विचारलं.

“हो मॅडम.”

“रडतात?”

“आवाजाची नोंद होत नाही.”

“म्हणजे शिस्त चांगली आहे.” त्या सहीचं पेन बंद करून माझ्याकडे बघू लागल्या. “मगदूम, हे चुकीचं आहे हे मला दिसतंय. पण आकडे काल बंद झाले. आता गावच्या रहिवाशाने सुनावणीत हरकत घेतली तरच ते उघडतात. तू रहिवासी नाहीस, कर्मचारी आहेस. गुरुवारी सुनावणी आहे. तोवर जा आणि ती बाळं काय आहेत ते बघून ये.”

“आणि हरकत कोणी घेतलीच नाही तर?”

“तर रेल्वे होईल. आणि डफळेमाळाची जाईल.”

हे मला माहीत होतं. तो मार्ग आधी डफळेमाळाला जायचा होता. तिथे नर्सिंगचं कॉलेज आहे, आणि चारशे मुली मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर चालत जातात. चालणारं माणूस जुळ्याला दिसत नाही, कारण ते बसमध्ये चढतच नाही.

रविवारी दुपारी मी घोणसवाडीत उतरलो आणि बाळं शोधू लागलो. घरोघर गेलो, चहा घेतला, पाळण्यांवर नजर टाकली. तिन्ही बाळं जागच्या जागी होती. सूर्य कलेपर्यंत गावात बातमी फिरली, की पद्माक्काच्या शीतलला लग्नाआधीच दत्तक घ्यायचंय.

पद्माक्का म्हणजे माझी आई. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आमच्याकडचा नेम, म्हणून तिने मला अंगणातूनच ओढून ताटावर बसवलं.

“काय बघत हिंडायलास दुपारधरनं?”

“बाळं.”

“त्याला आधी बायको लागती,” आई म्हणाली आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सहाला मी थांब्यावर उभा होतो. थांब्यावर वीस-बावीस बायका होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात दोन-तीन डबे. फडक्यात बांधलेले, गाठीत चिठ्ठी, चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि वसतिगृह. आई मधोमध उभी राहून एकेक डबा कानाशी हलवून बघत होती. तिच्या हाताखालून न गेलेला डबा गाडीत चढत नाही.

“सुवर्णा, झाकण ढिल्लं हाय. आमटी काय सांगलीला आंघोळ करणार हाय?”

गाडी आली. ड्रायव्हर वसंत खाडे उतरला आणि स्वतः डबे लावू लागला. पहिल्या चार रांगा, सोळा सीटा, प्रत्येकीवर चार डबे, एकमेकांना खेटून. “घट्ट बसवा,” तो मला म्हणाला, “वळणावर कलंडत्यात.”

मी एक डबा उचलून दिला. फडक्यातून हाताला ऊब लागली. शाळेत जायचं टाळणाऱ्या पोराच्या कपाळाला हात लावल्यावर लागते तेवढीच. बरोबर सदतीस.

आता सांगायला लाज वाटते. मी स्वतः अकरावीपासून पाच वर्षं सांगलीच्या वसतिगृहात याच गाडीने आलेल्या डब्यावर जगलो. तरी दोन दिवस मला ते सुचलं नाही, कारण मी बाळं शोधत होतो. तेव्हा डबे ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर यायचे. विजेच्या गाड्या आल्या, बॉनेट गेलं, आणि डबे सीटवर बसू लागले. जुळ्याचं सॉफ्टवेअर ज्या देशात लिहिलं गेलं तिथे जेवण एकटं प्रवास करत नाही. रिकामे डबे संध्याकाळी गार होऊन परत येत, म्हणून यंत्र त्यांना सामान समजत होतं. सकाळी गरम असेपर्यंत ते नागरिक होते.

मी आईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रेल्वे, सरकता जिना, शिशुकप्पे. ती हसेल असं वाटलं होतं. ती पदर खोचून ऐकत राहिली.

“मग चूक काढून टाक. झालं.”

“काढली तर पुढचा आकडा येतो. इथं यायच्या आधीच मी तौफिककडून काढून घेतलाय. डबे वजा केले तर तीस वर्षांनी गावात एकशे नव्वद माणसं उरतात.”

“बरं.”

“पाचशेच्या आत आकडा गेला की गावाला गाडी ठेवत नाहीत, आई. येत्या जूनपासूनच बंद. आठवड्यातनं दोनदा मोटार. फोन करून बोलवायची.”

“फोन उचलंस्तोवर डबा गार हुईल.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुला बरंच झालं की. चार वर्षं म्हणायलास, आई सांगलीला चल. माझं ऐकंना म्हणून यंत्राकडनं वदवून घेतलंस?”

सांगलीतल्या माझ्या दोन खोल्यांतली पूर्वेची मी चार वर्षं रिकामी ठेवली आहे, आणि ती कोणासाठी हे आम्हा दोघांना माहीत आहे. गाडी बंद झाली तर ती खोली भरणार होती. खरं बोललो तर मला हवं ते मिळणार होतं, आणि खोटं राहू दिलं तर तिला. अशा वेळी खरं बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

“हरकत गावातल्याच माणसानं घ्यायला लागती,” मी शेवटी म्हणालो. “मला घेता येत न्हाई.”

“म्हंजे माझी गाडी मीच बंद करू.”

“डफळेमाळाच्या पोरी चालत जात्यात.”

“किती?”

“तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा.”

आईने हातातल्या शेवटच्या डब्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. घट्टच होती ती आधी. “चढ,” ती म्हणाली. “वसंता तुझ्यासाठी थांबणार न्हाई. डबं हायत आत.”

त्या गाडीत आम्ही पाच माणसं होतो. घाटाच्या वळणावर खाडेने वेग इतका कमी केला, की शेजारून एक सायकलवाला पुढे गेला.

मंगळवारी आणि बुधवारी आईचा फोन आला नाही. मी केला, तेव्हा तिने उचलला, “भांडी घासायलोय” म्हणाली आणि ठेवला. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. त्यात राग नव्हता. राग त्यानंतरच्या शांततेत होता.

“तू तिला सांगितलंसच कशाला?” तौफिक म्हणाला. “गप रेल्वे होऊ द्यायची. जगात पहिल्यांदा आमटीला स्वतंत्र मार्गिका.”

“आणि डफळेमाळ?”

“तेच म्हणतोय. ते आठवलं की मलाबी झोप न्हाई.” तो नखं खात पडद्याकडे बघत राहिला. “पण तुझ्या आईनं हरकत घेतली तर एकशे नव्वदवर मीच बटण दाबणार. ते मला नको वाटायलंय.”

गुरुवारी अकराला सुनावणी. सभागृह भरलं होतं. डफळेमाळाहून मुलींची एक अख्खी रांग आली होती, पांढऱ्या गणवेशात, बुटांवर धूळ. घोणसवाडीची आठ-दहा माणसं दुसऱ्या बाजूला होती आणि त्यांत आई होती. ती सहा-दहाच्या गाडीने डब्यांच्या मागच्या सीटवर बसून आली होती आणि साडेसातपासून बंद सभागृहाच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या सुनावणीची एक पद्धत आहे. आराखड्याचा परिणाम भोगणारे बहुतेक लोक अजून जन्मायचे असतात, त्यामुळे नियमाने त्यांनाही म्हणणं मांडता येतं. जुळं प्रत्येक मार्गावरचा एक २०६९ चा रहिवासी निवडतं, त्याच्या सवयींवरून त्याला काय हवं असेल ते काढतं आणि त्याला बोलायला लावतं. या लोकांना नावं नसतात, क्रमांक असतात. ते फार सभ्य बोलतात. त्यांना अजून कोणी वैताग दिलेला नसतो.

“मार्ग सात, घोणसवाडी,” लिपिकाने पुकारलं. “भावी नागरिक चारशे सतरा.”

भिंतीवर एका तरुण मुलीचा आकार उजळला. आवाज प्रसन्न होता.

“नमस्कार. माझं वय सव्वीस. मी आणि माझ्या गावचे लोक जन्मापासून सहा-दहाच्या गाडीने प्रवास करतो. आमच्या गरजा थोड्या आहेत. आम्हाला पुढे बसायला आवडतं. एका सीटवर चौघं बसायला आमची हरकत नाही. आम्ही गाडी बदलत नाही. आम्ही खिडकीबाहेर बघत नाही. वळणावर गाडी अगदी हळू असावी, हे आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. सांगलीत आम्हाला उतरवून घ्यायला नेहमी कोणीतरी यावं. आणि उशीर होऊ नये. उशीर झाला की आम्ही गार पडतो आणि मग आमची नोंद राहत नाही.”

मग डफळेमाळाच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला.

“हे माणूस हाय का तपेली?”

घोणसवाडीच्या बाकावर कोणीतरी फुटलं. सुवर्णाकाकीने तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. लिपिक “शांतता” म्हणाला आणि तोही हसला. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक मी, आणि दुसरी उभी राहत होती.

“माझी हरकत हाय,” आई म्हणाली. “पद्मावती आदगोंडा मगदूम, राहणार घोणसवाडी.”

“कशाला हरकत?” लिपिकाने विचारलं.

“आमच्या गावच्या रेल्वेला.”

लिपिकाने फॉर्म उलटून-पालटून बघितला. दुसऱ्या गावच्या रेल्वेला हरकत घेण्याचा रकाना होता. स्वतःच्या रेल्वेला नव्हता. त्याने समासात लिहिलं.

“हे डबे हायत,” आई म्हणाली. “रोज मी झाकणं बघतो. चौसष्ट पोरांचं जेवण. हिच्या बोलण्यात एक शब्द खोटा न्हाई, पण ही माणूस न्हाई, डबा हाय. डब्याला रेल्वे लागत न्हाई. ज्या चालत्यात त्यांना द्या.” तिने पांढऱ्या गणवेशांच्या रांगेकडे हात केला.

बिरनाळे मॅडमनी मान हलवली. “हरकत मान्य. आकडे उघडा, मुजावर.”

तौफिकने कळ दाबण्याआधी नियमाप्रमाणे चारशे सतराला विचारावं लागलं, की तिला वगळण्याला तिची हरकत आहे का.

“हरकत नाही,” ती म्हणाली. “फक्त वळणावर गाडी हळू असावी.” आणि भिंत रिकामी झाली. मला उगाचच वाईट वाटलं. आमच्या बावीस लाखांत तिच्याइतकं समजूतदार कोणी नव्हतं.

पडद्यावर नवा आकडा आला. घोणसवाडी, २०६९: एकशे नव्वद. त्याच्या खाली आपोआप एक ओळ उमटली. सेवा बंद, जूनपासून.

“दुःख आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच होतं. “पण जिथे लोकच राहणार नाहीत—”

“बाई, माझी एकच हरकत झाली,” आई म्हणाली. “दुसरी हाय अजून.”

“बोला.”

“एकशे नव्वदच का?”

मॅडमनी तौफिककडे बघितलं. तौफिकने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

“आज सातशे बारा हायत,” ती म्हणाली. “आजार न्हाई, धरण न्हाई, भांडणतंटा न्हाई. मग जात्यात कुठं सगळी? आमच्या पलीकडं हणमंतमाळ हाय. सहा वर्षांमागं त्यांची गाडी बंद झाली. पोरांचा डबा बंद झाला. मग आया काय करणार? पोरासंगं सांगलीत खोली घेऊन राहिल्या. आया गेल्या तशी धाकटी पोरं गेली. शाळा मिटली. मग बाप्ये गेलं. आता तिथं एक देऊळ हाय आणि एक म्हातारा, दोन्ही बंद असत्यात. ते गाव कुणी रिकामं केलं? तुमच्या यंत्राला आमची गाडी चालू ठेवून इचारा की, किती राहत्यात.”

“असं विचारता येतं?” मॅडमनी विचारलं.

तौफिक उठून उभा राहिला. बोलायला सुरुवात करताना त्याचा आवाज बारीक झाला होता. “मॅडम, जुळं आधी माणसं मोजतं, मग त्यांच्यामागं गाड्या लावतं. बाण एकाच दिशेनं जातो. गाडीमुळं माणूस राहतं का, हा बाण आपण कधी काढलेलाच नाही. कारण आपलं पहिलं उद्दिष्टच तसं आहे.”

पहिलं उद्दिष्ट मी लिहिलेलं होतं. ‘भावी लोकसंख्येच्या अंदाजानुसार सेवा पुरविणे.’ मला ते चांगलं वाटलं होतं. मागच्या आराखड्यातून उतरवून घेतलं होतं.

“बाण काढ,” मॅडम म्हणाल्या.

“आत्ता?”

“मी काय पुढच्या तीस वर्षांसाठी बसलेय का इथे? आत्ता.”

त्याला वीस मिनिटं लागली. चौसष्ट डबे त्याने डबे म्हणून घातले, आणि प्रत्येक डब्याच्या एका टोकाला घर जोडलं आणि दुसऱ्या टोकाला मूल. मग घोणसवाडीला दोनदा जगायला लावलं. एकदा गाडी असताना, एकदा नसताना. भिंतीवर दोन ठिपक्यांची गावं शेजारी-शेजारी उमटली. पहिली दोन वर्षं दोन्हींत फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी डावीकडच्या, गाडी नसलेल्या गावात चौकाजवळचं एक घर विझलं. मग त्याच्या शेजारचं. नवव्या वर्षी शाळा विझली आणि त्यानंतर घरं एकेक करून जाईनात, आळी-आळीने जाऊ लागली. माझ्या शेजारी सुवर्णाकाकी ठिपके ओळखून सांगत होती. “हे बिरूचं. हे आमचं. हे आमचं गेलं बघ.”

उजवीकडचं गाव लुकलुकत राहिलं. कुठे एखादं घर जायचं, कुठे नवं यायचं.

शेवटी आकडे थांबले. गाडीसह: सातशे चौतीस. गाडीविना: एकशे नव्वद.

एकशे नव्वद. तोच आकडा, एकाचाही फरक नाही. लहान गावं कशी ओसरतात हे जुळं हणमंतमाळासारख्या गाडी गेलेल्या गावांवरूनच शिकलं होतं. जुळ्याने घोणसवाडी रिकामी होणार असं कधी सांगितलंच नव्हतं. गाडी बंद केल्यावर किती उरतील ते सांगितलं होतं, आणि त्याच्या जोरावर आम्ही गाडी बंद करत होतो.

“प्रदेशात अशी मरायला टेकलेली गावं किती आहेत आपल्या यादीत?” मॅडमनी विचारलं.

“त्र्याऐंशी,” मी म्हणालो.

“सगळी घाल.”

जेवणाची सुट्टी झाली नाही. डफळेमाळाच्या मुलींनी पिशव्यांतून चिवडा काढला आणि घोणसवाडीच्या बाकाकडे पुढे केला. सुवर्णाकाकीने त्यांच्या बुटांकडे बघून बसायला जागा केली. अडीचला तौफिकने यादी वाचली. त्र्याऐंशींपैकी एक्कावन्न गावं आपणहून मरत नव्हती. आम्ही मारत होतो. उरलेल्या बत्तिसांना खरंच दुसरी कारणं होती आणि त्यांचं आम्हाला काही करता येत नव्हतं, हेही मॅडमनी तसंच लिहून घ्यायला लावलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “मगदूम, पहिलं उद्दिष्ट खोड. लिही. ‘कोणतीही गाडी बंद करण्यापूर्वी, ती बंद केल्यामुळे कोण निघून जाईल हे मोजणे.’”

“भाषा जरा शासकीय करू का?”

“नको. लोकांना कळू दे.”

डफळेमाळाची रेल्वे डफळेमाळाला परत गेली. ठराव झाला तेव्हा पांढऱ्या रांगेतून इतका आवाज झाला, की बाहेरचा शिपाई आत बघून गेला. घोणसवाडीला रेल्वे नाही, सरकता जिना नाही, शिशुकप्पे नाहीत. सहा-दहाची गाडी मात्र २०६९ पर्यंत आराखड्यात आली, क्रमांक आणि वेळेसकट. वळणाचा वेगही त्यात घातला, ताशी बारा. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं, मी घातलं. चारशे सतराची तेवढीच एक सूचना होती, आणि आमच्याकडे सूचना नोंदवून घ्यायची पद्धत आहे.

पावणेपाचच्या गाडीला मी आईला सोडायला गेलो. रिकामे डबे आधीच चढले होते, गार आणि बेहिशेबी. आई पायरीपाशी थांबली. सोमवारपासून ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होती.

“मला वाटलं तू मला हलवायलास,” ती म्हणाली.

“हलवायचं होतं.”

“माहीत हाय मला.” तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. ती सरळच होती. “तरी सांगितलंस की.”

“आई, आज राहा. एक दिवस. उद्या सकाळी जा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आलीयस म्हणून. एवढं भांडलीस गाडीसाठी, आता त्या गाडीनं येत जा की माझ्याकडं.”

“येड्या,” आई म्हणाली, “गाडी हाय म्हणून तर मला कुठं जायला लागत न्हाई.”

आणि ती गाडीत बसून गेली.